कोर्ट बसणार कुठे? फलकावरच्या दोन सूचनांची पार्श्वभूमी

फोर्टातल्या मुंबई उच्च न्यायालयात बार रूमच्या, म्हणजे वकिलांच्या बसायच्या खोलीच्या, बाहेर जो फलक आहे, त्यावर एरवी काय असते हे सगळ्यांना पाठ आहे. मे महिन्यातल्या सुट्टीतल्या कोर्टांची यादी, ई-फायलिंगचे प्रशिक्षण, ग्रंथालयाची वर्गणी थकवणाऱ्यांना स्मरणपत्र, रक्तदान शिबिर, क्रिकेटच्या संघात नाव देण्याचे आवाहन. हल्ली हे सगळे मोबाइलवर आधी येते आणि फलकावर मागाहून लागते, तरी जाता-येता नजर तिकडे जातेच. गेली दीड-दोन वर्षे मात्र दोन विषय तिथून हलायला तयार नाहीत. एक कोल्हापूर, जिथे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आता बसू लागले आहेत; दुसरा वांद्रे, जिथे उच्च न्यायालयाची नवी इमारत होणार आहे. सभा कुठलीही असो, शेवटचा अर्धा तास या दोघांपैकी एकावर जातो.

वरवर पाहता दोन्हींचा प्रश्न एकच, कोर्ट बसणार कुठे. पण फलकासमोर उभे राहून वाचणारे दोन प्रकारचे असतात आणि त्यांची पोटदुखी वेगवेगळी असते. कोल्हापूरची सूचना अपील शाखेतला, म्हणजे जिल्ह्यांतल्या कोर्टांवरची अपिले चालवणारा, वकील डोळे बारीक करून वाचतो. ओरिजिनल साइडवाला, म्हणजे थेट उच्च न्यायालयात दावे चालवणारा, ती न वाचताच पुढे जातो, कारण त्याचे दावे बृहन्मुंबईपुरते. साताऱ्याचे किंवा सांगलीचे मॅटर त्याच्या बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या यादीवर, कधी नव्हतेच. वांद्र्याच्या सूचनेपाशी मात्र तो थबकतो. त्याचे ऑफिस, त्याच्या सॉलिसिटरचे ऑफिस, युक्तिवाद करणाऱ्या कौन्सेलची चेंबर्स हे सगळे फोर्ट आणि नरिमन पॉइंटच्या पायी अंतरात वसलेले आहे.

ही दुफळी 1862 पासूनची. सनदेने उच्च न्यायालय स्थापन झाले तेव्हा दोन जुनी घराणी एका छपराखाली आणली गेली. एक बेटावरचे राजाचे सुप्रीम कोर्ट, दुसरे मुफसलातली, म्हणजे मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांतली, अपिले ऐकणारी कंपनीची सदर अदालत. पहिल्यातून ओरिजिनल साइड निघाली, दुसऱ्यातून अपील शाखा. सॉलिसिटरने कागद तयार करायचे आणि बॅरिस्टरने युक्तिवाद करायचा ही दुहेरी पद्धत कायद्याने संपली 1 जानेवारी 1977 ला. सवयीने ती अजून पुरती संपलेली नाही, हे बार रूममध्ये कोण कुठल्या टेबलावर बसते ते पाहिले की कळते.

इमारतीबद्दल थोडक्यात, कारण ती सगळ्यांनी पाहिली आहे. पहिली सतरा वर्षे हे न्यायालय अपोलो स्ट्रीटवरच्या जुन्या जागेत बसत होते. आजच्या इमारतीचे काम 1871 मध्ये सुरू झाले, 1878 च्या अखेरीस पुरे झाले आणि जानेवारी 1879 मध्ये तिथे कामकाज सुरू झाले. खर्च आला 16,44,528 रुपये. मंजूर रकमेपेक्षा 2,668 रुपये कमी. सरकारी बांधकामात पैसे उरल्याची ही गोष्ट नव्या ज्युनिअरला हटकून ऐकवली जाते आणि मग त्याला खांबावरचे ते माकड दाखवायला नेतात, एका डोळ्यावर पट्टी आणि हातात तराजू असलेले. ज्युनिअर हसतो, फोटो काढतो आणि तेवढ्यात वर त्याचे मॅटर पुकारले जाते.

मधली पाऊणशे वर्षे ओलांडू या, कारण फलकावरच्या सूचनांचे मूळ त्यांत नाही. ते आहे 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यात, आणि त्यातही कलम 51 मध्ये. या कलमाला तीन पोटकलमे. पहिल्याने राष्ट्रपती उच्च न्यायालयाचे मुख्य आसन ठरवतात. दुसऱ्याने राष्ट्रपतीच, राज्यपाल आणि मुख्य न्यायमूर्तींशी विचारविनिमय करून, दुसऱ्या ठिकाणी कायम पीठ देऊ शकतात. तिसरे सगळ्यांत आखूड आणि सगळ्यांत तापदायक. पहिल्या दोन पोटकलमांत काहीही असले तरी, राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्ती ठरवतील त्या इतर ठिकाणीही न्यायमूर्ती ‘बसू’ शकतात, असे ते म्हणते. दिल्लीला विचारायची गरज नाही.

नागपूरला या भानगडीत पडावे लागले नाही. तिथे 1936 पासून स्वतःचे उच्च न्यायालय होते, नागपूर करारात शब्द दिलेला होता आणि 1960 च्या मुंबई पुनर्रचना कायद्यात नागपूर पीठाची तरतूद थेट लिहिली गेली. पणजीलाही स्वतंत्र कायद्याने 1982 मध्ये पीठ मिळाले. मराठवाड्याचे तसे नव्हते. 1956 पर्यंत तिथली अपिले हैदराबादला जात. नंतर ती मुंबईला येऊ लागली. लातूर-नांदेडच्या पक्षकाराने एका तारखेसाठी मुंबई गाठायची, आणि मॅटर बोर्डावर खाली राहून पोहोचले नाही की पुन्हा तेवढाच प्रवास. 1978 मध्ये विधानसभेने एकमताने ठराव केला की औरंगाबाद आणि पुणे अशी दोन कायम पीठे द्यावीत. ठराव दिल्लीला गेला आणि तिथेच बसला.

तेव्हा तत्कालीन मुख्य न्यायमूर्तींनी दुसऱ्या पोटकलमाची वाट पाहणे सोडले आणि तिसरे वापरले. ऑगस्ट 1981 मध्ये राज्यपालांच्या संमतीने आदेश निघाला आणि औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले. मुंबईत रिट याचिका झाली. डिसेंबर 1981 मध्ये मुंबईच्याच दोन न्यायमूर्तींनी तो आदेश रद्द केला. मुद्दा फेटाळून लावण्यासारखा नव्हता. कायम पीठ देण्याचा अधिकार दुसऱ्या पोटकलमाने राष्ट्रपतींना दिला असेल, तर मुख्य न्यायमूर्ती तिसऱ्याच्या आडून तेच कसे देऊ शकतात? तात्पुरत्या सोयीसाठी ठेवलेल्या खिडकीतून कायमचे दार कसे बसवता येईल? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर 1982 मध्ये निकाल फिरला. दोन्ही पोटकलमे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाने उच्च न्यायालयाच्या प्रदेशाची फाळणी होत नाही, मुख्य आसन मुंबईलाच राहते, न्यायमूर्ती फक्त आणखी एका जागी बसतात, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. दोन वर्षांनी, ऑगस्ट 1984 मध्ये, राष्ट्रपतींच्या आदेशाने औरंगाबादचे पीठ कायम झाले. म्हणजे खिडकीतून आत आलेले दारातून कायम झाले. निकाल बरोबर की चूक हा वाद आमच्या सीनियरांच्या पिढीत फार रंगे. माझे मत विचाराल तर कायद्याच्या शब्दांशी 1982 चा निकाल जास्त प्रामाणिक आहे. पण 1981 च्या निकालातला प्रश्न त्याने पुरता मिटवला असे मला अजूनही वाटत नाही.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्यामुळे सभेत निम्मा वेळ वाया जातो. खंडपीठ. मराठीत आपण या एका शब्दाला दोन कामांना जुंपले आहे. दोन न्यायमूर्ती एकत्र बसले की ते खंडपीठ. एकटे बसले की एकल पीठ. तीन किंवा अधिक असले की पूर्णपीठ. हा झाला न्यायमूर्तींच्या संख्येचा अर्थ, आणि तो जुना, सनदेपासूनचा. मग नागपूर, औरंगाबाद आणि पणजी आले आणि वृत्तपत्रांनी जागेलाही खंडपीठच म्हणायला सुरुवात केली. ‘नागपूर खंडपीठाने निकाल दिला’ या वाक्यातून तो दोघांनी दिला की एकट्याने, हे कळायला मार्ग नाही. ‘औरंगाबाद खंडपीठातील एकल पीठाने’ असे वाक्य आपण बिनदिक्कत छापतो आणि कोणाला खटकत नाही. कलम 51 ची भाषा वेगळी आहे. तिथे जागेसाठी एक शब्द आहे आणि दोन न्यायमूर्तींच्या कोर्टासाठी दुसरा. मराठीत उतरताना दोन्ही एका खुर्चीत बसले.

याचा तोटा फक्त व्याकरणाचा नाही. ‘खंडपीठ मिळाले’ म्हटले की पक्षकाराला वाटते, कायमचे मिळाले. ‘सर्किट बेंच मिळाले’ म्हटले की त्यालाच वाटते, न्यायमूर्ती महिन्यातून चार दिवस गाडीने येणार आणि बॅग उचलून परत जाणार. ‘सर्किट’ हा शब्द तिसऱ्या पोटकलमात मुळात नाहीच. तो व्यवहारातून आला आहे. इंग्लंडात न्यायाधीश जिल्ह्याजिल्ह्यांतून फेरी करत, त्याची ती आठवण. कायद्याला विचाराल तर तिसऱ्या पोटकलमाखाली न्यायमूर्ती चार दिवस बसू शकतात आणि रोजही बसू शकतात. औरंगाबादला 1981 ते 1984 ते रोज बसत होते. कागदावर तात्पुरते, चालीत कायमचे.

कोल्हापूरला नेमके हेच घडते आहे. मागणी चाळीस वर्षांहून जुनी. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी किती वेळा कामकाज बंद ठेवले, याची मोजदाद कोणी ठेवली असेल असे वाटत नाही. मुंबईत राहून आम्ही ती आंदोलने वाचायचो आणि त्या दिवशी पक्षकाराचा फोन आला नाही म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकायचो, हे कबूल करायला हरकत नाही. 1 ऑगस्ट 2025 ला तत्कालीन मुख्य न्यायमूर्तींची अधिसूचना निघाली, कलम 51 च्या तिसऱ्या पोटकलमाखाली. 17 ऑगस्टला उद्घाटन आणि 18 पासून कामकाज: एक खंडपीठ आणि दोन एकल पीठे. इथे ‘खंडपीठ’ संख्येच्या अर्थाने वाचावे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे तिकडे गेले.

अपील शाखेतल्या वकिलाला हे काय झाले, ते कॅलेंडर उघडून पाहावे. सांगलीचा पक्षकार पूर्वी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसायचा, सकाळी सीएसएमटीला उतरायचा, तिथेच तोंड धुऊन, चहा घेऊन, हातात कापडी पिशवीतली कागदपत्रे घेऊन दहाच्या आत कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा राहायचा. मॅटर पोहोचो न पोहोचो, रात्रीच्या महालक्ष्मीने परत. त्याच्यासाठी कोल्हापूर ही उघड सोय आहे, तिच्याविरुद्ध बोलायला तोंड नाही. पण त्याच पिशवीवर मुंबईतल्या कित्येक लहान चेंबर्स चालत होत्या, हेही खरे. कोणी तिकडे भागीदार शोधला, कोणी ज्युनिअरला पाठवले, कोणी पुणे आणि नाशिकच्या कामावर भिस्त ठेवली. पुणे अजून मुंबईकडेच आहे, आणि 1978 च्या ठरावातले त्याचे नाव तिथले वकील विसरलेले नाहीत. नकाशाचे म्हणाल तर सावंतवाडीहून गोव्यातले पीठ हाकेच्या अंतरावर. तरी तिथल्या माणसाने घाट चढून कोल्हापूरला जायचे, कारण ते पीठ गोव्यासाठी.

वांद्र्याची गोष्ट याच्या तुलनेत सरळ आणि म्हणूनच जास्त लांबलेली. जागा अपुरी पडते, हे कोणालाच नाकारता येत नाही. मंजूर न्यायमूर्ती 94, मुंबई धरून पीठे चार आणि त्यांत आता कोल्हापूरची भर. तरी सर्वाधिक भार फोर्टातल्या त्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतीवर, जिच्या भिंतीला खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते. 2018 मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींसह ती जागतिक वारसा यादीत गेली. अभिमान वाटला, आणि भर घालण्याची उरलीसुरली शक्यता संपली. मधल्या काळात गोरेगावच्या जागेचेही नाव निघाले आणि मागे पडले. एप्रिल 2024 मध्ये मुंबईतल्या वकिलांच्या संघटनांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून स्वतःहून प्रकरण नोंदवले आणि मग जे वर्षानुवर्षे हलत नव्हते ते हलू लागले. वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीतली 30.16 एकर जमीन टप्प्याटप्प्याने मिळणार, असे ठरले. 23 सप्टेंबर 2024 ला भूमिपूजन झाले आणि 5 नोव्हेंबर 2025 ला त्या वेळच्या सरन्यायाधीशांच्या हस्ते कोनशिला बसली. इमारत न्यायाचे मंदिर असावी, सप्ततारांकित हॉटेल नव्हे, असे त्या वेळी बजावले गेले. त्या वसाहतीत राहणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरांचा प्रश्न सभांमध्ये क्वचितच निघतो. तो वकिलांचा नाही, एवढेच त्याचे कारण.

विरोध उघडपणे फार कोणी करत नाही. कुरकुर मात्र आहे. ती करणाऱ्यांत डोंबिवली-ठाण्याहून येणारा ज्युनिअर नसतो. त्याला कुर्ल्याला उतरून वांद्रे गाठणे सोयीचेच आहे. कुरकुर असते ती ज्याने तीस वर्षांपूर्वी फोर्टात पागडीवर दीड खोली घेतली त्याची. शहर दिवाणी न्यायालय, सत्र न्यायालय, कंपनी आणि कर न्यायाधिकरणे दक्षिणेला राहिली आणि उच्च न्यायालय उत्तरेला गेले, तर एका सकाळी दोन कोर्टे कशी धरायची, हा त्याचा खरा प्रश्न. व्हिडिओ सुनावणीने तो अर्धा सुटला आहे. उरलेला अर्धा भुयारी मेट्रो सोडवेल, असे सभेत सांगितले गेले; मागच्या रांगेतून कोणीतरी विचारले की फायलींची ट्रंक मेट्रोत चालते का.

गेल्या आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या जतहून एका जुन्या पक्षकाराचा फोन आला. पेपरात त्याने वांद्र्याचा फोटो पाहिला होता आणि त्याची समजूत झाली होती की आपले अपील आता तिकडे गेले. त्याला सांगितले, तुमचे कोल्हापूरला, वांद्रे मुंबईवाल्यांसाठी आणि तेही बांधून झाल्यावर. ‘म्हणजे खंडपीठ कुठलं?’ असे त्याने विचारले. मी म्हटले, अण्णा, तारखेला भाऊसिंगजी रोडवर सीपीआर दवाखान्यासमोर उतरा, आमचा मुलगा तिथे उभा असेल.