४१६४१६ : सांगलीच्या पिनकोडातील गणित

सांगली शहराचा पिनकोड ४१६४१६ आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेल्या आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झालेल्या या पद्धतीत पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा प्रदेश दाखवतात, तर शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष टपाल वाटणारे कार्यालय. सांगलीच्या वाट्याला दोन्ही भाग योगायोगाने सारखेच आले आणि त्यामुळे या संख्येला जे गुणधर्म मिळाले, ते लागूनच असलेल्या मिरजेच्या ४१६४१० या संख्येत आढळत नाहीत.

कोणतीही तीन अंकी संख्या दोनदा सलग लिहिली की ती १००१ पट होते, कारण ४१६४१६ म्हणजे ४१६ हजार अधिक ४१६. आता १००१ = ७ × ११ × १३, म्हणून अशा प्रत्येक संख्येला ७, ११ आणि १३ यांनी भाग जातोच. ४१६ चे अवयव पाच वेळा २ आणि एकदा १३ असे असल्याने सांगलीच्या संख्येत २ पाच वेळा, १३ दोनदा आणि ७ व ११ एकेकदा येतात. विभाजक तयार करताना २ हा शून्य ते पाच वेळा, म्हणजे सहा प्रकारे घेता येतो, १३ तीन प्रकारे, ७ आणि ११ प्रत्येकी दोन प्रकारे; म्हणून एकूण विभाजक ६ × ३ × २ × २ = ७२. मिरजेची संख्या मात्र २ × ५ × ४१६४१ अशी आहे आणि ४१६४१ ही मूळ संख्या असल्यामुळे तिला अवघे ८ विभाजक आहेत.

देवळालीचे गणितशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी, जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, अशा संख्येला ‘हर्षद संख्या’ हे नाव दिले. ४१६४१६ च्या अंकांची बेरीज २२ येते आणि ४१६४१६ ÷ २२ = १८९२८, म्हणजे ही हर्षद संख्या आहे. नुसत्या ४१६ च्या अंकांची बेरीज ११ असून तिला ११ ने भाग जात नाही. तो ११ पुनरावृत्तीमुळे, १००१ मधून आला.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो वर्गांचा प्रश्न. ४१६४१६ ही संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, आणि याची सिद्धता शाळेतल्या गणिताने देता येते. कोणत्याही वर्गाला ७ ने भागल्यावर बाकी ०, १, २ किंवा ४ यांपैकीच एक उरते. यातील १, २, ४ पैकी कोणत्याही दोन बाक्या (त्याच दोनदा घेतल्या तरी) मिळवल्या, तर बेरीज २, ३, ४, ५, ६ किंवा ८ होते, ७ कधीच होत नाही. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेला ७ ने भाग जायचा असेल, तर दोन्ही वर्गांना स्वतंत्रपणे ७ ने भाग गेला पाहिजे. पण मग त्या बेरजेला ४९ नेही भाग जाईल. सांगलीच्या संख्येत ७ एकदाच आहे, त्यामुळे ते अशक्य ठरते.

मिरजेच्या संख्येला ही अडचण नाही. ६०७² + २१९² = ४१६४१० आणि ६१७² + १८९² देखील तेवढेच; याखेरीज तिसरी जोडी नाही. सांगलीच्या संख्येला तिसरा वर्ग घ्यावा लागतो : ६३६² + १०८² + १६² = ४०४४९६ + ११६६४ + २५६ = ४१६४१६.