मायक्रोवेव्हच्या आकड्यांमागचं झुरळ

मायक्रोवेव्हवर वेळ दाखवणारे आकडे उमटतात, त्या काचेच्या मागून कधीतरी एखादं बारीक तपकिरी झुरळ निवांत फिरताना दिसतं. मायक्रोवेव्ह सुरू केला तरी त्याला ढिम्म काही होत नाही. लहरी आतल्या धातूच्या पेटीत कोंडलेल्या असतात आणि झुरळ असतं पेटीबाहेर, सर्किटच्या कप्प्यात. घड्याळ सतत चालू असल्याने तिथे थोडीशी ऊब दिवसरात्र मिळते.

गटारातून येणारं मोठं लालसर झुरळ ते हे नव्हे. हे जर्मन झुरळ. लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर, डोक्यामागे दोन काळसर उभ्या रेघा. जर्मनीचा संबंध नावापुरताच. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी आशियाई झुरळापासून वेगळी झाली, तीही भारत किंवा म्यानमारच्या भागात.

पाठ आणि पोट दोन्ही टेकेल अशी अरुंद फट या किड्याला आवडते. मिक्सरच्या तळाच्या जाळीतून आत शिरलं की मोटरची ऊब आणि सांडलेल्या चटणीचे कण, दोन्ही मिळतात. फ्रिजमागे तर चैनच. कंप्रेसर गरम आणि त्याच्यावरच्या ट्रेमध्ये साठलेलं पाणी. अन्नावाचून झुरळ बरेच दिवस काढतं, पाण्यावाचून नाही. म्हणून तो ट्रे आधी धुवा.

आपला हात मात्र पहिल्यांदा स्प्रेकडे जातो. विजेच्या उपकरणात तो मारणं धोक्याचं आहेच, शिवाय बहुतेक स्प्रेंमधल्या पायरेथ्रॉइड औषधांना झुरळं बिचकतात आणि आणखी आत घुसतात. अनेक ठिकाणच्या झुरळांना ही औषधं आता पचूही लागली आहेत. मादी ३०-४० अंड्यांची पिशवी अंडी फुटायच्या बेतात येईपर्यंत पोटाच्या टोकाशी घेऊन हिंडते. ती वाचली की महिन्याभरात पुन्हा तोच पसारा.

खरं काम करतं ते जेल, म्हणजे विष मिसळलेलं आमिष. (पेस्ट कंट्रोलवाले त्याला सर्रास ‘हर्बल’ म्हणतात. आत बहुधा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड हे रासायनिक कीटकनाशक असतं. मुलांचा हात पोचेल तिथे लावू नये.) विष सावकाश भिनतं, त्यामुळे खाल्लेलं झुरळ आपल्या बिळात परततं आणि तिथे मरतं. बाहेर न पडणारी पिल्लं त्याची विष्ठा खातात, मेलेल्याला कुरतडतात, आणि विष त्यांच्यापर्यंत पोचतं. म्हणजे यंत्र उघडायची गरजच नाही. मायक्रोवेव्ह तर उघडूच नका, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. ट्रॉलीच्या बिजागरीत, ओट्याखालच्या कोपऱ्यात, फ्रिजमागच्या भिंतीला मोहरीएवढे ठिपके लावा. जवळपास स्प्रे किंवा खडू वापरलात तर झुरळं जेलकडे फिरकत नाहीत.

कधी कधी जेल लावूनही ती तोंड लावत नाहीत. अमेरिकेत कीटकशास्त्रज्ञ ज्यूल्स सिल्व्हरमन यांना अशी झुरळं आढळली. आमिषातल्या ग्लुकोजलाच ती टाळत होती. २०१३ मध्ये त्याचं कारण कळलं. या झुरळांच्या तोंडाजवळच्या ज्या चेतापेशी कडू चव ओळखतात, त्या ग्लुकोजनेही चेततात. गोड त्यांना कडू लागतं! अशा वेळी दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या घटकांचं जेल आणावं.

मिक्सरचा उपाय सोपा आहे. भांडी काढून खालचा भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि फ्रीजरमध्ये तीन-चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडू नका, नाहीतर थंड मोटरवर दव धरतं. दिवसभर तसाच राहू द्या, मग झटकून, पुसून, पूर्ण कोरडा झाल्यावरच प्लग लावा.