अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज: नवरा-बायकोने एकत्र करावा की एकट्याने?

अमेरिकेत राहणाऱ्या नवरा-बायकोला कर्ज डोईजड झालं, तर दिवाळखोरीचा एकत्र अर्ज करता येतो. ही मुभा फक्त विवाहितांना आहे. अर्ज एक, कोर्टाची फीही एकदाच. नागरिकत्वाची अट नाही. तरीही वकिलाकडे जाण्याआधी प्रत्येक कर्जावर कुणाची सही आहे, याची यादी करा. एकत्र की एकट्याने, हे बहुतेक वेळा त्या यादीवरूनच ठरतं.

कर्ज एकाच्याच नावावर असेल तर सहसा त्यानेच अर्ज करावा. चॅप्टर ७, म्हणजे कायद्याने न वाचणारी मालमत्ता विकून उरलेली बहुतेक कर्जं माफ करणारी दिवाळखोरी. तिची नोंद क्रेडिट रिपोर्टवर १० वर्षं राहू शकते. निदान दुसऱ्याची पत शाबूत राहिली, तर पुढे भाड्याचं घर मिळवताना ती कामी येते. पण सह्या दोघांच्या असतील आणि चॅप्टर ७ खाली अर्ज एकाचाच असेल, तर बँक पूर्ण रक्कम दुसऱ्याकडे मागू शकते. चॅप्टर १३ मध्ये, म्हणजे ठरलेल्या प्लॅनप्रमाणे हप्त्यांनी कर्ज फेडण्याच्या प्रकारात, घरगुती कर्जांपुरतं सहकर्जदारालाही प्लॅन चालू असेपर्यंत बरंच संरक्षण मिळतं. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन धरून ९ राज्यांत लग्नानंतरची कमाई सामायिक मानतात. तिथे एकट्याने अर्ज केला तरी सामायिक मालमत्ता प्रकरणात येतेच, म्हणून या राज्यांत स्थानिक वकिलाला विचारल्याशिवाय काही ठरवू नका.

चॅप्टर ७ ला पात्र ठरता का, हे पाहायला आधीच्या ६ महिन्यांच्या उत्पन्नाची सरासरी काढून ती राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडून पाहतात. एकाच घरात राहत असाल तर अर्ज न करणाऱ्या जोडीदाराचा पगारही यात धरतात. घरखर्चाला न येणारी रक्कम मात्र वजा करून मागता येते. ही वजावट आठवणीने मागा. चॅप्टर १३ ला नियमित उत्पन्न लागतं आणि हप्ते ३ ते ५ वर्षं चालतात.

अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून क्रेडिट समुपदेशन घ्यावं लागतं. एकत्र अर्ज असला तरी प्रमाणपत्र प्रत्येकाचं वेगळं. सोबत ६० दिवसांच्या पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांचे पत्ते, मालमत्तेचा आणि महिन्याच्या खर्चाचा तपशील तयार ठेवा. अर्जानंतर ट्रस्टी, म्हणजे प्रकरण पाहायला नेमलेली व्यक्ती, बैठक घेऊन शपथेवर प्रश्न विचारते. शेवटचं टॅक्स रिटर्न ट्रस्टीला त्या बैठकीच्या किमान ७ दिवस आधी द्यायचं. एकत्र अर्ज असेल तर बैठकीला दोघांनीही हजर राहायचं, फोटो ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा पुरावा घेऊन.

अर्ज दाखल होताच वसुलीचे फोन आणि पगारातली जप्ती सहसा थांबते. दुसरा, आर्थिक व्यवस्थापनाचा कोर्स पूर्ण केल्याशिवाय कर्जमुक्तीचा आदेश निघत नाही. पोटगी, मुलांचा निर्वाहखर्च आणि बहुतेक शैक्षणिक कर्जं मात्र डोक्यावर राहतातच.

घाबरून घर जोडीदाराच्या नावावर करू नका, नातेवाइकांचे उसने पैसे घाईने फेडू नका. नातेवाइकांना वर्षभरात दिलेली रक्कम ट्रस्टी परत मागू शकतो, आणि मालमत्ता लपवण्याचा हेतू दिसला तर कर्जमुक्तीच नाकारली जाते.