नवीन अल्बम शुक्रवारीच का येतात?

अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचा अल्बम आला की आपल्याकडे सकाळी साडेनऊला ग्रुपवर धुमाकूळ सुरू होतो, आणि तो बहुतेक शुक्रवारच असतो. साडेनऊ अशासाठी की तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे बारा वाजतात (थंडीत त्यांची घड्याळं मागे जातात, मग आपले साडेदहा). पण हा शुक्रवार काही जुना नाही, १० जुलै २०१५ पासूनचा आहे.

त्याआधी ज्याचा त्याचा वार होता. ब्रिटनमध्ये सोमवार, अमेरिकेत मंगळवार, जर्मनी-ऑस्ट्रेलियात शुक्रवार. अमेरिकेत मंगळवार धरला गेला १९८९ मध्ये, आणि त्यामागे संगीत वगैरे काही नाही, मालवाहतूक आहे. ज्या दुकानदाराकडे अल्बमची खोकी आधी पोचायची तो आधी विकून मोकळा व्हायचा आणि बाकीचे हात चोळत बसायचे, म्हणून मग सोमवारपर्यंत सगळीकडे माल पोचवा आणि मंगळवारी एकदमच विका, असं ठरलं.

सीडीच्या जमान्यात हे चालून गेलं. नेट आल्यावर मात्र पंचाईत झाली, कारण ऑस्ट्रेलियात शुक्रवारी आलेला अल्बम अमेरिकेतल्या पोराला मंगळवारपर्यंत थांबून विकत घ्यायची गरजच काय, तो त्याच दिवशी फुकटात उतरवून घ्यायचा. त्यात १३ डिसेंबर २०१३ ला अमेरिकन गायिका बियॉन्सेने काही न सांगता-सवरता, फक्त आयट्यून्स या ॲपलच्या ऑनलाइन दुकानात, १४ गाणी आणि १७ व्हिडिओंचा आख्खा अल्बम टाकून दिला. तोही शुक्रवारच! मग आयएफपीआय या रेकॉर्ड कंपन्यांच्या जागतिक संघटनेने सगळ्या जगाला एकच वार लावला. छोट्या कंपन्या कुरकुरल्या, बेगर्स ग्रुप या ब्रिटिश कंपनीच्या मार्टिन मिल्सनी तर उघड विरोध केला, की याने मोठ्यांचंच फावणार. मला विचाराल तर त्यांचं फार चुकलं नाही, एकाच रात्री एवढे अल्बम येऊन आदळतात की लहान माणसाचा शोध कोण घेणार.

आता गणित चार्टचं आहे. बिलबोर्ड, म्हणजे अमेरिकेतली अल्बमची साप्ताहिक क्रमवारी, आठवडा शुक्रवार ते गुरुवार मोजते, त्यामुळे बुधवारी अल्बम काढला तर पहिल्या आठवड्याचे दोनच दिवस पदरात पडतात. काही कोरियन बँड कोरियातल्या दुपारी एक वाजताचा मुहूर्त काढतात तोही त्यामुळेच, न्यूयॉर्कमध्ये तेव्हा (उन्हाळ्यात) मध्यरात्र असते. आणि स्विफ्टबाईंनी २१ ऑक्टोबर २०२२ ला 'मिडनाइट्स' हा अल्बम रात्री बाराला काढला, लगेच तीन तासांनी आणखी सात गाणी जोडून दुसरी आवृत्ती, म्हणजे चाहत्यांनी झोपायचं कधी?

मराठीत हा शुक्रवार कधी रुजलाच नाही. इथे सिनेमा शुक्रवारचा, गाणी त्याच्या कितीतरी आधी. आणि कॅसेटच्या काळात बिगर-फिल्मी मालाचं वेळापत्रक पंचांग आणि जयंत्यांवर चालायचं: गणपतीच्या आधी आरत्या आणि गणेशगीतं, आषाढीला विठ्ठलाची, १४ एप्रिलच्या तोंडावर भीमगीतं. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज या तिन्ही मोसमांत चालायचा. आता कॅसेट गेली, तरी श्रावण लागला की यूट्यूबवर नव्या गणेशगीतांची रांग लागते, वार कुठलाही असो.