एम्प्रेस सिटी मॉल, नागपूर

नागपुरात गांधीसागर तलावाजवळ, गणेशपेठ आणि कॉटन मार्केटच्या पट्ट्यात असलेला मोठा मॉल. बोलताना 'सिटी' कोणी लावत नाही, नुसतं 'एम्प्रेस' म्हणतात, आणि जुन्या माणसाने एम्प्रेस म्हटलं तर त्याला मॉल म्हणायचंय की मिल (इथली जुनी कापडगिरणी) हे एकदा विचारून घ्यावं लागतं. आत कोणती दुकानं आणि गाडी कुठं लावायची हे नागपूरकराला सांगायची गरज नाही. इथे भर जागेच्या इतिहासावर आहे, कारण मॉल कालपरवाचा आणि त्याच जागेवर मिल सव्वाशे वर्षं चालली.

मिलच्या स्थापनेचं साल कुठे १८७४ तर कुठे १८७७ दिलेलं असतं. दोन्हीला आधार आहे. सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये काढली, भांडवल १५ लाख रुपये, आणि मिल प्रत्यक्ष सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला. कंपनी कागदावर आली ते एक साल आणि भोंगा वाजला ते दुसरं, त्यामुळे मिलपुरतं बोलायचं तर १८७७ धरणं जास्त बरोबर. नावाचा उलगडाही याच तारखेत आहे, कारण त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला 'कैसर-ए-हिंद', म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी, जाहीर केलं गेलं, म्हणून एम्प्रेस. त्याआधी चिंचपोकळीत टाटांनी बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीची कापडगिरणी केली तिचं नाव अलेक्झांड्रा (व्हिक्टोरियाची सून), आणि नंतर १८८६ ला मुंबईत कुर्ल्याची गिरणी घेतली तिचं नाव स्वदेशी. राजघराण्यातल्या दोन बायकांनंतर थेट स्वदेशी, या क्रमावर कोणीतरी सवडीने लिहायला पाहिजे.

मुंबई सोडून नागपूर का, याची कारणं साधी होती. कापूस इथला, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि १८६७ ला रेल्वे पोचलेली. जागा मात्र दलदलीची होती. जुम्मा तलाव, म्हणजेच शुक्रवारी तलाव, म्हणजेच आताचा गांधीसागर (जुम्मा म्हणजे शुक्रवार, त्यामुळे पहिल्या दोन नावांत भांडण नाही), हा गोंड राजा चांद सुलतानाच्या काळातला मानला जातो. त्याच्या शेजारची ही जमीन स्वस्तात मिळाली, पण भर घालत बसावं लागलं. एका स्थानिक सावकाराने 'हा माणूस सोनं मातीत घालतोय' म्हणून पैसे द्यायचं नाकारलं आणि पुढे मिल चालल्यावर 'याने माती घालून सोनं काढलं' असं कबूल केलं, ही गोष्ट टाटांच्या चरित्रांतून येते. किस्सा इतका गोळीबंद आहे की थोडा घासूनपुसून घेतलेला वाटतो, पण जमीन भरून काढावी लागली यात वाद नाही.

सुरुवात सुमारे ३० हजार चात्या (सूत पिळणाऱ्या फिरत्या काड्या) आणि ४५० मागांवर झाली. पहिली यंत्रं स्वस्तातली आणि सुमार दर्जाची होती, माल चांगला निघेना, शेवटी बदलावी लागली. मिलचं व्यवस्थापन पाहायला आणलेले बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, गिरणीचा अनुभव शून्य, आणि तांत्रिक बाजू सांभाळायला इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या मुलखातले, लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी. उत्तर नागपुरातल्या बेझनबागेचं नाव या बेझनजींवरूनच पडलं असं मानतात.

आता रिंग फ्रेमबद्दल, म्हणजे सूत काढायच्या तेव्हाच्या नव्या यंत्राबद्दल, आणि इथे जरा थांबायला हवं कारण मिलची खरी कमाई इथे आहे. तेव्हा सूत काढायला म्यूल आणि थ्रॉसल अशी दोन यंत्रं चालायची. म्यूलमध्ये चात्यांचा अख्खा गाडा मागे सरकतो, सरकताना सूत ओढलं जातं आणि पीळ बसतो, मग गाडा पुढे येताना ते सूत गुंडाळलं जातं, म्हणजे एकदा पिळायचं एकदा गुंडाळायचं, आणि हात कसलेला लागतो. थ्रॉसल अखंड चालतं पण त्याचा सूत गुंडाळणारा फिरता फाळका (फ्लायर) जड, वेग एका मर्यादेबाहेर नेता येत नाही. रिंगमध्ये प्रत्येक चातीभोवती एक पोलादी कडं आणि त्या कड्यावर नखाएवढी वाकवलेली तार अडकवलेली, तिला ट्रॅव्हलर म्हणतात. तिला कोणी फिरवत नाही, सूतच तिला खेचत कड्यावरून पळवतं, ती चातीपेक्षा किंचित मागे पडते आणि त्या मागे पडण्यातच सूत गुंडाळलं जातं, पीळ तर चालूच असतो. दोन्ही कामं एकदम, न थांबता. ही अमेरिकन कल्पना लँकेशायरवाल्यांना फारशी पटलेली नव्हती. एम्प्रेसमध्ये १८८३ च्या सुमारास दोन फ्रेम नमुन्यादाखल आणून चालवल्या गेल्या आणि निकाल चांगला आला. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी तशी यंत्रं करून द्यायला नकार दिला म्हणून मँचेस्टरच्या ब्रुक्स अँड डॉक्सीकडे जावं लागलं असं सांगतात. 'भारतातली पहिली रिंग' असा दावा बऱ्याच ठिकाणी छापलेला दिसतो, पण 'अगदी सुरुवातीच्यांपैकी एक' म्हटलेलं जास्त सुरक्षित. हवेत ओलावा ठेवणारी यंत्रणा आणि आग विझवायचे स्प्रिंकलरही इथे लवकर बसले, आणि नागपूरचा मे महिना ज्याने काढलाय त्याला कोरड्या हवेत सूत का तुटतं हे वेगळं समजवावं लागत नाही.

कामगारांच्या बाबतीत दोन गोष्टी नेहमी शेजारी ठेवून वाचाव्यात. एकीकडे कौतुकाची यादी: पेन्शन फंड बहुतेक १८८६ चा, अपघाताची भरपाई १८९५ ची, प्रॉव्हिडंट फंड त्यानंतरचा (सालं इकडेतिकडे दिलेली सापडतात). खाडे भरमसाट होते, लोक शेतीच्या हंगामात सरळ गावी निघून जायचे, त्यामुळे या सवलतींत माणुसकी होती तसाच माणूस टिकवायचा हिशोबही होता. दुसरीकडे संप. १८७७ मध्येच, मिल सुरू झाली त्याच वर्षी, इथल्या विणकरांनी मजुरीच्या दरावरून काम बंद केलं आणि कामगार चळवळीच्या पुस्तकांत तो 'भारतातला पहिला संप' म्हणून येतो. हावड्याच्या रेल्वे कामगारांचा आठ तासांसाठीचा १८६२ चा संप त्याच्या आधीचा आहे, म्हणून 'गिरण्यांमधला पहिला नोंदलेला संप' इतकंच म्हणावं. टाटांवरच्या गौरवपर लिखाणात पेन्शन फंड हमखास असतो, संप क्वचितच.

पुढे मिलची युनिट वाढून पाच झाली. शेवट मुंबईसारखा १९८२ च्या संपातून आलेला नाही, तो हळूहळू आला. १९८६ ला राज्य सरकारने खास कायदा करून मिल ताब्यात घेतली, ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, आणि २००२ च्या सुमारास बंद झाली.

जमीन विकली गेली आणि केएसएल रिअल्टीने तिथे एम्प्रेस सिटी उभारली. मॉल साधारण २०१० च्या आसपास चालू झाला, वर पीव्हीआरचे पडदे आले, आणि बर्डीच्या (सीताबर्डीच्या) मेन रोडवर चालत खरेदी करायची सवय असलेल्या शहराला एसीत फिरायची जागा मिळाली. मुंबईत लोअर परळला फिनिक्स मिलचा मॉल झाला तोच हा मार्ग, फरक इतकाच की तिथे मिलचं नाव फिनिक्स होतं म्हणून राखेतून उठल्याच्या कोट्या करता आल्या आणि इथे राणीचं बिरूद सरकत्या जिन्यावर चढलं. बर्डीतला इटर्निटी मॉल, वर्धमाननगरातला पूनम मॉल ही नागपूरची बाकीची नावं, पण त्यांच्याखाली अशी जुनी जमीन नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये केएसएल ज्यातली, त्या तायल समूहाशी संबंधित बँक कर्जाच्या प्रकरणात अंमलबजावणी संचालनालयाने (ईडीने) या मॉलवर तात्पुरती जप्ती आणली, तेव्हा किंमत ४८३ कोटी रुपये सांगितली गेली.