चार-सहा कोंबड्यांसाठी खुराडे घेताना

आमच्या कार्यशाळेत खुराडे विचारायला येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न किमतीचा करतात आणि दुसरा मापाचा. त्याआधी आम्हाला एक वेगळी गोष्ट कळायला हवी असते. तुमच्या कोंबड्या दिवसभर परसात मोकळ्या फिरणार, की आतच राहणार? माप, जाळी, खर्च सगळे या उत्तरावर ठरते. म्हणून हे माहितीपत्रक खरेदीच्या आधी वाचा. आमच्याकडून घ्या, गावातल्या सुताराकडून करून घ्या, किंवा घरी ठोका, हिशेब तोच राहतो.

सकाळी सोडलेली आणि दिवेलागणीला परत येणारी गावठी कोंबडी खुराड्यात फक्त झोपते आणि अंडे घालते. तिला दीड ते दोन चौरस फूट जागा पुरते. दिवसभर आत राहणाऱ्या कोंबडीला तेवढ्यात ठेवले, तर ती शेजारणीची पिसे उपटते, टोचे मारून रक्त काढते, स्वतःची अंडी फोडून खाते. ही कोंबडीची खोड समजून लोक तिला विकून टाकतात. बहुतेक वेळा कारण असते अपुरी जागा. अशा कोंबडीला झोपण्याच्या जागेशिवाय निदान ८ ते १० चौरस फुटांचे जाळीचे आवार हवे. बाजारात ‘बारा कोंबड्यांचे’ म्हणून मिळणारा पिंजरा हातात मोजपट्टी घेऊन बघा. लांबी गुणिले रुंदी करा आणि दोनाने भागा. फिरत्या कोंबड्यांसाठी खरा आकडा तो. कोंडलेल्या कोंबड्यांसाठी त्याच्याही निम्मा धरा, आणि आवार वेगळे.

फिरत्या कोंबड्यांसाठी आमच्याकडे सर्वांत जास्त जाणारे माप ४ फूट लांब आणि अडीच फूट रुंद आहे. म्हणजे १० चौरस फूट. पाच कोंबड्या आरामात, सहा चालवून घेण्यासारख्या. चार फूट लांबीमागे कारण आहे. रात्री कोंबड्या दांडीवर एका ओळीत बसतात आणि प्रत्येकीला ८ इंच तरी लागतात. जमिनीवर जागा असली आणि दांडी अपुरी असली, तर धीट कोंबड्या वर बसतात आणि उरलेल्या विष्ठेत झोपतात. दांडी दीड-दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली असावी. गावठी कोंबडी सव्वा ते दीड किलोची असते, ती उंच दांडीवर सहज चढते. गिरीराज, वनराज यांसारख्या भारी जातींसाठी दांडी जमिनीपासून फूटभरच ठेवा. उंचावरून उडी मारताना त्यांच्या पायांना इजा होते. शिवाय या कोंबड्या अंगानेही मोठ्या, त्यामुळे वरच्या मापात पाचऐवजी तीनच धरा.

आज किती कोंबड्या आहेत यावर माप ठरवू नका. एक कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, तिच्याखाली दहा अंडी ठेवली, २१ दिवसांनी त्यातून सात-आठ पिल्ले निघाली, की चार महिन्यांत त्या तलंगांना (तरुण माद्यांना) आणि नरांना दांडीवर जागा लागते. कोकणात गटारी आणि शिमग्याला संख्या खाली येते हे खरे, पण त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत खुराडे गच्च भरलेले असते, आणि रोग नेमका त्याच दिवसांत पसरतो. तेव्हा सर्वांत जास्त कोंबड्या कधी आणि किती असतील, तो आकडा आम्हाला सांगा. पिल्लांच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी मोठे खुराडे घेण्याची गरज नाही. बुरुडाकडचे बांबूचे डालगे आणा. दिवसा आई आणि पिल्ले त्याखाली डाललीत, तर घारीची आणि कावळ्याची भीती राहत नाही.

पैसे कुठे घालावेत

जाळीत आणि कडीत. रंगात नव्हे, उतरत्या कौलारू छपराच्या शोभेतही नव्हे.

षटकोनी भोकांची पातळ जाळी स्वस्त मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, उदमांजर पंजा घालून झोपलेली कोंबडी ओढते, आणि मुंगसाचे डोके जिथे शिरते तिथे त्याचे अंगही शिरते. आम्ही रात्रीच्या खुराड्याला अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी (वेल्डमेश) लावतो. तिच्यातून घूस, मोठा उंदीर आणि अंड्यांच्या मागे येणारा मोठा साप शिरू शकत नाही. ही जाळी पातळ जाळीपेक्षा बरीच महाग पडते. म्हणून दिवसाच्या आवाराला, जिथे माणसांची जाग असते, तिथे स्वस्त जाळी चालेल असे आम्ही स्वतःहून सांगतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी जाळी घेताना विचारावे, की जस्ताचा थर वेल्डिंगच्या आधीचा आहे की नंतरचा. नंतर थर दिलेली जाळी खाऱ्या हवेत जास्त टिकते, कारण तिचे सांधे उघडे राहत नाहीत.

दाराला नुसता खिळा वाकवून लावू नका. कडी-कोयंडा लावा. दार एवढे मोठे असावे, की तुमचा हात प्रत्येक कोपऱ्यापर्यंत पोहोचेल. हात पोहोचत नाही तो कोपरा साफ होत नाही, आणि उवा, पिसवा तिथेच वाढतात.

अंडी घालायला एक फूट लांब, रुंद आणि उंच एवढा कप्पा पुरे. चार-पाच कोंबड्यांना एकच बास, कारण त्या आळीपाळीने एकाच जागी घालतात. हा कप्पा अंधारा आणि दांडीपेक्षा खाली असावा. वर असला तर त्या रात्री त्यातच झोपतील आणि अंडी घाण होतील.

पाऊस, हवा आणि ऊन

कोकणच्या पावसात लोक खुराड्याला चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळतात. भावना चांगली असली, तरी परिणाम वाईट होतो. विष्ठेतून निघणारा अमोनिया आत कोंडतो आणि कोंबड्यांना सर्दी, डोळ्यांचे त्रास सुरू होतात. सकाळी दार उघडून आत डोके घाला. तुमचे डोळे चुरचुरले, तर हवा कमी आहे. छपराच्या लगेच खाली, झोपलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, दोन्ही लांब बाजूंना सहा इंचांची जाळीची पट्टी कायम उघडी हवी. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पट्टी बुजवण्यापेक्षा छप्पर दीड-दोन फूट बाहेर काढावे. नैर्ऋत्येची बाजू फळ्यांनी पूर्ण बंद करा, दार पूर्वेला ठेवा.

उन्हाळ्यात धोका उलटा असतो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकत अंग गार करते. नुसत्या पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यांत ती जगणे कठीण. पत्र्यावर झाप किंवा गवत टाका, वरून चुना मारा, खुराडे आंब्याच्या सावलीत ठेवा. माडाखाली मात्र ठेवू नका, पडलेल्या एका झावळीने छप्पर मोडते. देशावर आणि विदर्भात पाठवताना आम्ही जाळीचा भाग वाढवतो आणि फळ्यांचा कमी करतो.

खुराड्याचे पाय दीड ते दोन फूट उंच आणि जांभ्याच्या चिऱ्यावर टेकलेले असावेत, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही लांब राहतात. लाकूड ऐन किंवा किंजळीचे चांगले. आंब्याच्या फळ्या स्वस्त, पण लवकर किडतात. घ्यायच्याच तर काजूच्या टरफलाचे तेल लावून पूर्ण वाळू द्या. ओले तेल माणसाचीही कातडी भाजते. तळावर दोन-तीन इंच भाताचे तूस पसरा आणि दांडीखाली सरकता पत्र्याचा ट्रे ठेवा. रात्रीची बहुतेक विष्ठा त्यातच पडते, कुजवून ती माडांना घालता येते.

परवडते म्हणजे किती

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. पाच कोंबड्यांची साडेतीनशे धरा. तुमच्या गावात गावरान अंड्याला जो भाव मिळतो त्याने गुणा. दहा रुपये भाव असेल, तर साडेतीन हजार रुपये झाले, आणि त्यातून दाणे, लस वजा जातात. आमचे मत असे, की खुराड्याची किंमत या रकमेच्या दीड-दोन पटींपेक्षा जास्त असू नये. त्याहून महाग खुराडे कोणी गळ्यात मारत असेल, तर नाही म्हणा.

गोठ्याचा किंवा मांगराचा (शेतावरच्या खोपीचा) एखादा कोरडा कोपरा मोकळा असेल, तर पूर्ण खुराडे घेऊच नका. दोन भिंती आहेतच. आमच्याकडून जाळीची चौकट, दार आणि दांडी एवढेच न्या, खर्च निम्म्याहून कमी होईल. जुने लाकडी कपाट असेल तर तेही आणा, मागची फळी काढून जाळी लावून देऊ. शहरात गच्चीवर ठेवायचे असेल, तर आधी सोसायटीची आणि नगरपालिकेची परवानगी विचारा, मग आमच्याकडे या.

येताना तीन गोष्टी लिहून आणा: जास्तीत जास्त किती कोंबड्या होतील, त्या दिवसा कुठे असतील, आणि जागेची लांबी-रुंदी. मोबाइलवर जागेचा फोटो असेल तर उत्तम. पावसाळ्यासाठी खुराडे हवे असेल तर एप्रिलअखेर सांगा, फळ्या आणि तेल वाळायला ऊन लागते. आमच्या खुराड्याची जाळी गंजली किंवा फाटली, तर सांगाडा घेऊन या. जाळीची किंमत घेऊ, बसवण्याची मजुरी घेणार नाही.