कोड स्कॅनच्या रिपोर्टमध्ये इतके इशारे का येतात?

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत रिलीजआधी सुरक्षेतल्या चुका शोधणाऱ्या साधनांनी सोर्स कोड स्कॅन करणं आता नेहमीचं झालंय. रिपोर्टमध्ये इशाऱ्यांची रांग लागते, त्यातले कितीतरी खोटे निघतात आणि टीम वैतागते. या वैतागाचं मूळ जुनं आहे.

ही साधनं मुळात सुरक्षेसाठी जन्मलीच नव्हती. १९७८ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी ‘लिंट’ लिहिलं. कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर ज्या चुका मुकाट चालवून घ्यायचा, त्या लिंट प्रोग्राम न चालवता, नुसता वाचून दाखवायचं. संशय आला की बोलायचं, हा स्वभाव तेव्हापासूनचा.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम इंटरनेटवर पसरला. त्याची एक वाट होती फिंगर या, संगणक वापरणाऱ्यांची माहिती देणाऱ्या सेवेतलं ‘गेट्स’ हे मजकूर वाचून घेणारं फंक्शन. किती अक्षरं येताहेत हे ते बघतच नाही. राखीव जागेत न मावलेला मजकूर शेजारच्या मेमरीत घुसतो आणि हल्लेखोराला स्वतःचा कोड चालवता येतो. नुसत्या नावावरून पकडता आली असती अशी ही चूक! तरी अशा चुका शोधणारा आयटीएस४ हा स्कॅनर यायला २००० उजाडलं. रॅट्स आणि फ्लॉफाइंडर हे तसेच स्कॅनर २००१ मध्ये आले. यांच्याकडे धोकादायक फंक्शनांची यादी असायची. नाव दिसलं की इशारा, मग लांबी आधी तपासलेली असली तरी.

पुढची साधनं इनपुटचा माग काढू लागली: फॉर्ममध्ये टाकलेला मजकूर कुठून कुठे गेला, न तपासता थेट एसक्यूएल क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, शिरला का? २००६ पासून माइटर या अमेरिकी संस्थेच्या सीडब्ल्यूई या दोषांच्या यादीने अशा दोषांना क्रमांक दिले. क्वेरीत अशी घुसखोरी होऊ देणारा दोष, एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे सीडब्ल्यूई-८९, मग स्कॅनर कुठलाही असो.

तरी खोटे इशारे पूर्ण संपणार नाहीत. प्रोग्राम चालताना कसा वागेल, याचं अचूक उत्तर प्रत्येक प्रोग्रामसाठी देणारी एकच रीत असू शकत नाही, हे हेन्री राइस यांनी १९५३ मध्येच सिद्ध केलं होतं. साधन एक तर उगाच ओरडतं, नाही तर काहीतरी सोडतं. म्हणून रिपोर्ट स्वच्छ दिसावा यासाठी नियमच बंद करणं मला धोक्याचं वाटतं. इशारे चाळायला तो कोड जाणणारा अनुभवी माणूसच बसवावा.

सोडण्याचं मोठं उदाहरण म्हणजे एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा दोष. तो होता ओपनएसएसएल या, इंटरनेटवरचा संवाद सांकेतिक करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याचा कोड सर्वांसमोर खुला होता, तरी दोष दोन वर्षं राहिला आणि तेव्हाच्या स्कॅनरनाही दिसला नाही. त्यानंतर कोव्हेरिटी या स्कॅनरने नवी युक्ती केली: कोडमध्ये बाइटांचा क्रम उलटवला जातोय म्हणजे डेटा बहुधा नेटवर्कवरून आलाय, तेव्हा तो अविश्वासू मानायचा. असे नियम आता कोडक्यूएलसारख्या कोड तपासणाऱ्या साधनात आपल्या कोडसाठी आपणही लिहू शकतो.